नोंदीखालचं नाव

मुश्ताकभाई, मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर असं चिडू नये, असं आई पुण्याहून फोनवर दोनदा म्हणाली. पण माझा राग तुम्ही हयातीत कधी मनावर घेतला नाहीत. "काय गो बाय, आज मिरच्या कुठं झोंबल्या?" म्हणून हसायचात. तेव्हा आजही घेणार नाही, या भरवशावर बिनधास्त लिहिते.

दीड महिना झाला. तुमच्या टेबलावरच्या खजुराच्या डब्याला मी हात लावला नव्हता. परवा मुंग्या लागल्या तेव्हा उघडला, खराब झालेले टाकले आणि चांगले उभ्याउभ्याच खाल्ले. रडू मला तेव्हा आलं. तुम्ही गेलात त्या दिवशी नव्हतं आलं. तुमच्या घरी नसीमभाभींच्या शेजारी बायकांत मी दगडासारखी बसून होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: तुम्ही लिहून ठेवलेली ती नोंद मी अजून उघडलेली नाही.

आपण काय काम करतो, असं कुणी विचारलं की मी घोळ घालायचे. "छोट्या वृत्तपत्रांसाठी ना-नफा तत्त्वावर सॉफ्टवेअर..." इथपर्यंत येताच समोरचा घड्याळ बघायचा. तुम्ही बाब अल बहरीनजवळच्या करक चहावाल्याला एका दमात सांगितलंत, "छापखाना आमचा, बातमी त्यांची. आणि छापखाना फुकट." तो लगेच म्हणाला, मग तुम्ही खाता काय? देणगीवर चालतो म्हणालात, तर त्यानं त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. मला इतकी लाज वाटली होती! तुम्ही मात्र मजेत बिस्किटंसुद्धा मागितलीत.

पाच देशांत विखुरलेली आठ माणसं, आणि मनामात त्यातली आपण दोघं, एका ट्रॅव्हल एजन्सीच्या वरच्या खोलीत. मी कोड लिहायचे. तुम्ही माणसं सांभाळायचात. एकीकडे आपल्या सॉफ्टवेअरवर वेबसाइट चालवणारी लहान लहान वृत्तपत्रं, दुसरीकडे त्या सॉफ्टवेअरमध्ये हौसेनं, फुकट भर घालणारे ठिकठिकाणचे लोक. कुणी चूक दुरुस्त करून पाठवतो, कुणी भाषांतर करतो. ऑफिसच्या भाषेत क्लायंट आणि कंट्रिब्यूटर. तुमच्या घशाखाली हे शब्द उतरायचे नाहीत. तुम्ही "पेपरवाले" आणि "मदतवाले" म्हणायचात, आणि मीटिंगमध्ये आपली टीमप्रमुख रीटासुद्धा पुढेपुढे तुमच्यासारखंच "पेपरवाला" म्हणायला लागली.

दर गुरुवारी दुपारी तुम्ही फोन घेऊन बसायचात. आठवड्यात ज्यांची सूचना आपण नाकारली, त्या प्रत्येकाला फोन. का नाकारली ते सांगायचं आणि चहापाण्याची चौकशी करायची. मी हेडफोन लावून बसायचे, कारण तुमचा आवाज म्हणजे बंदरावरून पलीकडच्या होडीला हाक. एकदा न राहवून म्हणाले, "भाई, एक छापील उत्तर तयार करून देते, बटण दाबलं की सगळ्यांना जाईल." तुम्ही फोनवर हात ठेवलात आणि म्हणालात, "त्या माणसानं रविवारची सुट्टी मोडून आपल्यासाठी काम केलंय. आणि मी बटण दाबू?" माझ्या मते ते वेळेचं खोबरं होतं. वाद तिथेच राहिला आणि मी माझ्या वाट्याच्या सूचनांना बटणच दाबत राहिले.

आता ती गोष्ट. तुम्हाला ठाऊक आहे, पण मला सगळी एकदा सांगू द्या.

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये "होल्ड" नावाचं एक बटण होतं. लिहून झालेली बातमी त्यात ठेवली की ती तशीच पडून राहायची. मी आकडे काढले. एवढ्या सगळ्या पेपरवाल्यांत ते बटण एकच जण वापरत होता, कोकणातलं पाटणकरांचं छोटं वृत्तपत्र. म्हटलं, एका माणसासाठी कशाला हे लोढणं? काढून टाकायचं ठरवलं आणि रिवाजाप्रमाणे आपल्या चर्चेच्या पानावर तसं जाहीर केलं. त्यावर एकच उत्तर आलं, दळवींचं. दळवी अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन, मूळचे पाटणकरांच्याच तालुक्यातले, आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करणारे. प्रत्येक बटण नक्की कशासाठी आहे, हे पेपरवाल्यांना विचारल्याशिवाय ते भाषांतर करत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं: "हे काढू नका. आमच्याकडे यात माणसं ठेवलेली असतात."

मला वाटलं, गंमत करताहेत. मी "नोंद घेतली, आभार" लिहिलं आणि चर्चा बंद केली. त्यांना एक फोन करायचा, तर तोही केला नाही. तुम्ही त्या आठवड्यात रजेवर होतात. असता तर गुरुवारी केला असतात.

माणसं ठेवलेली असतात म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. गावातलं कुणी मोठं माणूस अत्यवस्थ झालं की पाटणकर त्यांच्यावरचा मजकूर आधीच लिहून ठेवतात. पण घरून स्वतः कुणी फोन केल्याशिवाय निधनाची बातमी लावायची नाही, हा त्यांचा नेम आहे. दवाखान्यातून कळलं तरी नाही, शेजाऱ्यांनी सांगितलं तरी नाही. तोवर ते माणूस होल्डमध्ये. मी बटण काढलं, तेव्हा त्यात पडून असलेल्या बातम्या कुठेतरी हलवायला हव्या होत्या. त्या मी "तयार" या खान्यात टाकल्या. आणि तयार खान्यातल्या बातम्या सकाळी सहाला आपोआप प्रसिद्ध होतात. तो खानाही मीच बांधलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही रजेवरून परतलात त्याच दिवशी, जुलेखाबाई वारल्या. म्हणजे पाटणकरांच्या वेबसाइटवर वारल्या. गावातल्या जुन्या शिक्षिका, प्रत्यक्षात हॉस्पिटलच्या कॉटवर पडून मुलीकडे चहा मागत होत्या. त्यांचा मुलगा अल्ताफ इथे मनामात, सूकच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानात सेल्समन. दुकान उघडायच्या आधी तो गावच्या बातम्या बघतो. त्यानं ती बघितली. बहिणीला फोन लावला, तर तिचा फोन हॉस्पिटलमध्ये पर्समध्ये, आवाज बंद. चाळीस मिनिटं, मुश्ताकभाई. चाळीस मिनिटं त्या माणसाला आई नव्हती.

पाटणकरांचा फोन तुम्हाला आला, तुमचा मला. मी दहा मिनिटांत ती बातमी काढून टाकली, आणि खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की चला, दहा मिनिटांत आटोपलं. तुम्ही ऑफिसात आलात ते बूट न काढताच म्हणालात, "यल्ला, चल. अल्ताफकडे जाऊन येऊ. पाच मिनिटांच्या वाटेवर हाय तो."

मी नाही आले. मी काय बोलू त्याला, म्हणाले. तुम्हाला बोलायची सवय आहे, तुम्ही जा. तुम्ही एकटेच गेलात. तासाभरानं परतलात तेव्हा चेहरा उतरला होता. काय झालं विचारलं, तर म्हणालात, "बोलला थोडं. त्याचा हक्क हाय."

पाटणकर भला माणूस. त्यांनी वाचकांची माफी मागितली आणि आपल्याला शांतपणे कळवलं की हे कसं झालं ते लेखी हवं, वाचकांपुढे ठेवायला. नाहीतर त्यांना दुसरी व्यवस्था बघावी लागेल. आणि इथे आपलं वाजलं.

आपल्याकडे चूक झाली की तुम्ही जाहीर नोंद लिहायचात. तीनच मथळे. काय झालं, कुणी केलं, आता काय. पहिल्यावर आणि तिसऱ्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. दुसऱ्यावर मी अडून बसले. मी म्हणाले, जगात कुठेही अशा नोंदीत नाव घालत नाहीत. चूक पद्धतीची असते, माणसाची नसते. तुम्ही म्हणालात, "पद्धतीला अल्ताफ काय विचारणार? पद्धत त्याला सलाम करायला जाणार हाय?" मी म्हणाले, उद्या नोकरी बदलायची झाली, माझं नाव शोधलं आणि हे पहिलं आलं तर? माझा व्हिसा नोकरीवर आहे, भाई. तुम्ही म्हणालात, नाव शिक्षेसाठी नाही. समोरच्याला कळावं की पलीकडे कुणीतरी आहे, एवढ्यासाठी. मी म्हणाले, तुमचं वय झालं म्हणून तुम्हाला हे परवडतं. हे बोलले आणि जीभ चावली. तुम्ही मात्र हसलात. "झालं हाय खरं."

त्या गुरुवारी, इथल्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीसाठी निघताना तुम्ही दारातून म्हणालात, "नोंद लिहून ठेवलीय. रविवारी बघ. नाय आवडली तर भांडू." मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, घातलंत माझं नाव. शनिवारी सकाळी नसीमभाभींचा फोन आला.

मी ती नोंद उघडली नाही. दहा दिवस नाही. तुमच्यावरच्या रागानं, आणि घाबरून. मग आठवड्याच्या मीटिंगमध्ये रीटा म्हणाली की मुश्ताकची शेवटची नोंद मी वाचली, ती एक अक्षरही न बदलता प्रसिद्ध करू, त्याच्या आठवणीसाठी. पडद्यावरच्या सगळ्या चौकटींत माना हलल्या. एकजण डोळे पुसत होता. रीटा पुढे म्हणाली, "किती मोठा माणूस. शेवटची नोंदसुद्धा स्वतःच्या चुकीची."

मी तिथल्या तिथे नोंद उघडली.

कुणी केलं: मुश्ताक. होल्डमधल्या बातम्या "तयार" खान्यात टाका, असं मी सांगितलं. दळवींनी आधी सावध केलं होतं, तेही मी ऐकलं नाही.

तुम्ही रजेवर होतात हो! तुम्हाला पत्तासुद्धा नव्हता. चार वर्षांत तुम्हाला मी खोटं बोलताना पाहिलं नाही. लोक जिथे सर्रास "इंशाल्ला" म्हणून वेळ मारून नेतात, तिथे तुम्ही "नाय जमणार" म्हणायचात. आणि लिहिलंत ते एकच खोटं, तेही माझ्यासाठी. भांडण संपवायला लिहिलंत, की मला एकदा वाचून शरम वाटावी म्हणून, की खरंच तसंच टाकणार होतात? रविवारी सांगणार होतात तुम्ही. तो रविवार काही आला नाही.

आता कबूल करते. मीटिंगमध्ये मी गप्प बसले. "ठीक आहे" म्हणाले. ते चर्चेचं पान दळवींशिवाय कुणी वाचलं नव्हतं, म्हणजे खरं फक्त त्यांना माहीत होतं, आणि ते बोलणारे नाहीत. तुम्हाला आता ना नोकरी, ना व्हिसा. तुमचं काय बिघडणार, उलट तुमचं कौतुकच होईल, असा हिशोब मी दोन दिवस मनाशी घातला. इतकी मी खाली उतरले होते.

तिसऱ्या दिवशी मी दळवींना फोन लावला. माझ्या आयुष्यातला पहिला गुरुवारचा फोन. शिफ्ट संपवून ते बसची वाट बघत होते. मी आडवळणं घेत बोलत होते, तर ते म्हणाले, "मॅडम, भाई आले होते माझ्याकडे. अस्करपर्यंत गाडी घेऊन. म्हणाले, आमच्याकडून तुमचं ऐकायचं राहिलं. तुमचं नाव नाही घेतलं त्यांनी." मी विचारलं, मग नोंदीत तुमच्यापुढे खोटं आलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत? ते म्हणाले, "काही नाही. पण पुढचं भाषांतर केलं नसतं बहुतेक. उगाच कशाला खोटं बोला?"

एवढं सरळ उत्तर मला कुणी बरेच दिवसांत दिलं नव्हतं. मी ऑफिसला कुलूप लावलं आणि सूकमध्ये गेले.

अल्ताफ एका बाईला पडद्याचं कापड उलगडून दाखवत होता. पस्तिशीचा, बारीक, कानावर पेन्सिल. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी उभी राहिले. मग म्हणाले, "अल्ताफभाई, मी वैदेही. मुश्ताकभाईंच्या ऑफिसातली. तुमच्या अम्मींची ती बातमी माझ्यामुळे लागली होती. त्यांच्यामुळे नाही. मी त्या दिवशीच यायला हवं होतं."

तो कापडाची घडी घालत होता, ती तशीच हातात.

"भाई तर म्हणाले, चूक त्यांची."

"त्यांची नव्हती."

"मी त्यांना नाय नाय ते बोललो हो," तो म्हणाला. "या इथंच. दुकानात माणसं होती. वयाचा मान ठेवला नाय. ते नुसते उभे होते, बरोबर हाय, बरोबर हाय, म्हणत." तो मटकन स्टुलावर बसला. "आता मी कुणाची माफी मागू?"

तुम्हाला उत्तर सुचलं असतं. मी नुसती उभी राहिले, आणि कदाचित तुम्हीही त्या दिवशी एवढंच केलं असेल. थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं, शेजारून दोन करक मागवले आणि फोन काढला. "अम्मीशी बोला. मला नका सांगू, तिला सांगा. मेली तर ती होती."

जुलेखाबाई घरी आल्या आहेत, भाई. ठणठणीत नाहीत, पण आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. मी सगळं सांगितलं, एका दमात, कारण थांबले असते तर रडले असते. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ती तू काय? बरं झालं फोन केलास. त्यात तीस वर्षं शिकवलं म्हणून छापलंय. बत्तीस. दुरुस्त करून ठेव, पुढं लागेल." अल्ताफ आधी दचकला आणि मग असा हसला की पलीकडच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. मीही हसले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा.

रीटाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. वाटलं होतं, आता काही खरं नाही. ती म्हणाली, नाव घालायची सक्ती आपण कुणावर करणार नाही, तुझ्यावरही नाही. हे माझंच म्हणणं होतं, आणि आजही आहे, मुश्ताकभाई. त्या वादात मी हरलेले नाही, हे लक्षात असू द्या. ज्याला झेपेल त्यानं घालावं. मी घालणार, असं तिला म्हणाले.

पाटणकरांनी ती नोंद त्यांच्या पहिल्या पानावर छापली. त्यांचं पत्र दोन ओळींचं होतं: मिळाली, आम्ही इथेच आहोत, होल्ड लवकर परत द्या. ते काम सुरू आहे. दळवी दर शुक्रवारी ऑफिसात येतात, डबा घेऊन, आणि आम्ही दोघं ते बटण नव्यानं बांधतो आहोत. घरून फोन आल्याची खूण केल्याशिवाय बातमी आता कुठल्याच खान्यात सरकणार नाही. जोडीला इतर पेपरवाल्यांना विचारलं, तर आणखी सहा जणांना ते हवं आहे. बटण आहे हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं! पुढच्या लीव्हमध्ये मी पाटणकरांच्या ऑफिसात तीन दिवस नुसती बसायला जाणार आहे. चार वर्षं तुम्ही दर रजेच्या आधी सांगत होतात, पुण्यापर्यंत जातेस तर पुढं कोकणात उतर. मी दर वेळी नाक मुरडलं.

तुम्हाला खूप काही सांगायचं राहिलं, भाई. तुमच्या वयावरून बोलले त्याची माफी राहिली. तुमच्यामुळे या वाळूत मला कधी परकं वाटलं नाही, हे राहिलं. ते सगळं तुमचं तुमच्यापाशी असू द्या. पण एका गोष्टीचा राग अजून आहे. तुमच्या त्या नोंदीत दळवी होते, जुलेखाबाई होत्या, तुम्ही होतात. मी कुठेच नव्हते. एवढी मोठी चूक मी केली आणि मलाच तिच्यातून काढून टाकलंत, लहान मुलीला खोलीबाहेर पाठवावं तसं.

रीटाशी बोलले त्यानंतरच्या रविवारी सकाळी नोंद लावली. काय झालं, हा मजकूर तुमचाच आहे, काना-मात्रा बदलला नाही. दुसऱ्या मथळ्याखाली तुमचं नाव होतं. तुम्ही आपल्या हातानं शेवटचं लिहिलेलं नाव ते, म्हणून बोट खूप वेळ पुढे जाईना. मग मी ते खोडलं आणि लिहिलं: वैदेही. मी केलं.